लाल न झालेला डाग

माझ्या धाकट्याची, हिलालची, एक खोड मला अजिबात खपत नाही. तो लपवतो. पैसे चोरून लपवणारी पोरं मी पाहिली आहेत, शाळेत नापास होऊन लपवणारीही पाहिली. हा स्वतःचं अंग लपवतो. ताप आला की म्हणतो ऊन लागलं. चक्कर आली की म्हणतो पाय घसरला. खाज सुटली की खाटेत ढेकूण झाले. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून खाटा उन्हात काढून उकळतं पाणी ओतत आले आहे. पण हिलालचं ऐकाल तर वाटेल, आम्ही ढेकणांच्या वारुळात राहतो.

दुसऱ्या कुणाचा मुलगा असं वागला असता तर मी म्हटलं असतं, विशीतला आहे, लाजत असेल. हिलालला लाजून चालणार नव्हतं. त्याला गोळी चालू होती, आणि ती गोळी हातात देतानाच डॉक्टरांनी मला बजावलं होतं की मावशी, याच्या अंगावर नजर ठेवा.

गोळी डोक्याची होती. गावात आम्ही ती रक्त वाढायची म्हणून सांगितली होती, कारण गावाला लागेल तेवढंच सांगावं या मताची मी आहे.

आमचं घर प्रकाशाला, तापीच्या काठावर. मागच्या ओट्यावर उभं राहिलं की पाणी दिसतं आणि पाण्यापलीकडे नंदुरबारच्या बाजूची शेतं. त्या पावसाळ्यात हिलाल ओट्यावर उभा राहायला लागला. कापसाची निंदणी ऐन भरात, पितांबर, माझा थोरला, शेतात एकटा मरतोय, आणि हा धडधाकट गडी ओट्यावर खांबाला टेकून. विचारलं तर म्हणाला, पल्लाडहून कुणी तरी हाक मारतंय. पल्लाड म्हणजे नदीपलीकडून. मी म्हटलं, मारू दे, नावाडी असेल. मला काय ठाऊक, ती हाक त्याच्या एकट्याच्याच कानात येते.

पोळ्याच्या सुमाराला, नदी दोन्ही काठ धरून वाहत असताना, त्यानं सदरा काढून नीट घडी केली, टोपी घडीवर ठेवली आणि पाण्यात शिरला. भोई लोकांची होडी जवळ होती म्हणून केसांना धरून ओढून काढला. पोटातलं पाणी काढलं, डोळे उघडले, तर पहिला प्रश्न काय? "पल्लाडना गया का?"

गेला नव्हता. पुढे कित्येक महिने तो पल्लाडचा आमच्या घरात आमच्याबरोबर जेवायला बसत होता. हिलाल घास हातात धरून ऐकत राहायचा. भगत झाले, उतारे झाले, माझी नणंद दगूबाई सांगेल ते सगळं झालं. शेवटी पितांबर म्हणाला, पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं काढलेले एक डॉक्टर शहाद्याला बसायला लागलेत, त्यांना दाखवू. शिवरात्रीच्या आधी आम्ही गाडी जुंपली. डॉक्टरांनी त्याच्याशी पुष्कळ वेळ बोलून गोळी दिली, आणि होळीपर्यंत तो पल्लाडचा आधी दूर गेला, मग भिंतीआडून बोलल्यासारखा झाला, मग थांबला. एके दिवशी हिलाल जेवता जेवता मला म्हणाला, "माय, भाजीमां मीठ नही शे." मीठ नव्हतंच. मी इतक्या दिवसांनी त्याच्याकडून घरातली गोष्ट ऐकली आणि त्याला मीठ वाढायचंच विसरले.

तर गोळी गुणाची होती, यात वाद नाही. पण डॉक्टर म्हणाले होते, ही गोळी डोकं सांभाळते आणि अंगाला त्रास देऊ शकते, म्हणून तुम्ही पाहत राहायचं. कागदावर लिहून देतो म्हणाले. मी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हटलं, कागद नको, बोला. त्यांनी सांगितलं. डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसतं का ते रोज बघायचं. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, घसा दुखून ताप आला, की गोळी थांबवून तडक यायचं. झोपेतून एकदम उभं राहू द्यायचं नाही, आधी खाटेवर बसवायचं. दुपारच्या उन्हात पाठवायचं नाही. आणि वजन करत राहायचं, कारण या गोळीनं भूक वाढते आणि पोरं फुगतात.

आमच्याकडे वजनाचा काटा म्हणजे कापसाचा, खळ्यातल्या तुळईला टांगलेला. मी हिलालला चादरीच्या झोळीत बसवून आकड्याला लटकवायची आणि पितांबर वजनं लावायचा. शेजारच्या बाया कुंपणावरून पाहायच्या.

"कसा भाव देस व माय?" एकीनं विचारलंही.

"तुन्हा घरना सगळा माल आण, मंग सांगस," मी म्हटलं.

रोज सकाळी मी त्याला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवायची. खालची पापणी ओढायची, जीभ काढायला लावायची, कपाळाला हात लावायची. त्याला हे आवडत नसे. एकदा म्हणाला, "माय, मी बैल शे का? बाजारमां इकाले काढं का माले?"

"बैल बरा," मी म्हटलं. "तो तरी सांगाशिवाय तोंड उघडस."

तो हसला नाही. पण मी कशाला थांबते. वजन वाढलेलं दिसलं तेव्हा डॉक्टरांनी तूप कमी करायला सांगितलं. माझ्या घरात, माझ्या दोन म्हशी दारात असताना, माझ्या मुलाला कोरडी भाकर. मी तेही केलं. फक्त भाकर वाढताना तोंड दुसरीकडे करायची.

अशात माझ्या मधल्या मुलाचं, रूपचंदचं लग्न आलं. मुलगी ब्राह्मणपुरीची, घर आमच्या तोलाचं. मांडव पडला, पाहुणे आले, दगूबाई तर आठवडाभर आधीच येऊन बसल्या. दगूबाई घरात असल्या की कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यांच्याशिवाय.

हळदीच्या दिवशी सकाळी मी भट्टीवरच्या आचाऱ्यांशी भांडत होते, तरी हिलालला बोलावलं. "डोया दखाड." तो आला तो डोळे चोळतच. दोन्ही डोळे लालभडक, पाण्याने भरलेले.

"काय झालं रे?"

"धूर गया माय. अन् हयद वाटता वाटता बोट लागनं."

चार बाया जात्यावर हळद दळत होत्या, हा तिथंच घुटमळत होता, मी स्वतः पाहिलं होतं. भट्टीचा धूरही अंगणभर होता. मी पापणी ओढून पाहिली, तर सगळं लाल आणि पिवळ्या पाण्याने चिकट. म्हटलं, जा, डोळे धू, उद्या बघते.

नवरदेवाला हळद लागली. मग नेहमीप्रमाणे ज्याच्या हाती हळद तो समोरच्याला माखायला लागला. आता हे पाहा. हिलाल लहानपणापासून कुणी अंगाला हात लावला तर आखडणारा. गेलं वर्षभर तर तो माणसांपासून दूरच. त्या दिवशी तो आपल्या पायांनी मांडवात आला आणि दगूबाईंसमोर सदरा काढून बसला.

"ये रे मन्हा राजा," दगूबाई ओरडल्या. "पुढला वरीसले तुन्हाच नंबर शे."

"लाव व फुई," हिलाल म्हणाला. "आखो लाव. तोंडले बी लाव."

दगूबाईंना एवढं सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं. त्यांनी वाटीतली सगळी हळद त्याच्या छातीवर, गळ्यावर, कानामागे थापली. तो डोळे मिटून बसला होता. माझी थोरली सून जसोदा माझ्याजवळ येऊन पदराआड रडली. म्हणाली, "आत्याबाई, भाऊजी माणसांत आले." मलाही वाटलं, आला. मी तिला म्हटलं, रडू नको, वरण करपतंय.

दुसऱ्या दिवशी गाड्या ब्राह्मणपुरीला गेल्या. हिलाल वरातीत होता, पिवळाधम्मक, डोक्याला फेटा. डोळे बघायचे त्या धांदलीत राहूनच गेले. जेवला नाही फारसा. विचारलं तर म्हणाला तूप नको, डॉक्टर रागवतील. मला ते ऐकून बरं वाटलं, एवढी पोराची अक्कल. गाडीत सारखा दंड आणि पाय खाजवत होता. विचारलं तर ढेकूण, व्याह्यांच्या गाद्यांमधले. व्याह्यांच्या गाद्यांमध्ये ढेकूण असू शकतात, हे मला पटायला काहीच अडचण नव्हती.

नवी सून घरात आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी जसोदा आणि मी धुणं घेऊन तापीवर गेलो. लग्नाचं धुणं म्हणजे ढीग. मी खडकावर बसून साबण लावत होते, जसोदा आपटत होती. हळदीच्या कपड्याला साबण लागला की डाग पिवळा राहत नाही, लाल होतो. कुंकू बनवणारा हळदीला चुन्याचं पाणी देतो आणि ती लाल होते, तसंच. धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं, आणि लाल झाला म्हणजे डाग हळदीचा, उन्हात वाळवला की जाईल, हेही माहीत असतं. रूपचंदचा सदरा लाल झाला. दगूबाईंचं लुगडं तर रंगपंचमीच. पोरांचे कपडे, पितांबरचा पंचा, सगळे लाल. खडकावरून लाल पाणी नदीत उतरत होतं.

मग जसोदानं हिलालचं धोतर घेतलं. काठाला आणि सोग्याला हळद लागली होती, ती लाल झाली. पुढच्या बाजूला तळहाताएवढा एक डाग होता. त्याला साबण लावला. तो पिवळाच राहिला. तिनं आणखी साबण घासला, चोळला, पाण्यात बुडवून पुन्हा घासला. आजूबाजूची हळद लाल होऊन गेली आणि हा मधोमध, करडईच्या तेलासारखा, पिवळा तो पिवळाच.

जसोदानं धोतर हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "ही हयद नही शे."

मी धोतर घेतलं. वास घेतला, तर साबणातूनही लघवीचा आला. मग पाणी पिळून खांद्यावर टाकलं आणि उठले. जसोदा म्हणाली, धुणं? मी म्हटलं, नदी कुठं जात नाही, कपडेही नाहीत. तू ये.

हिलाल मागच्या ओट्यावर पडला होता. मी त्याला म्हटलं, बस आधी, मग ऊठ. तो बसला. हौदाजवळ आणून मी त्याच्या दंडाला साबण लावला, मनगटापासून खांद्यापर्यंत, भांडं घासावं तसा. फेस लाल आला. पाणी ओतलं. पुन्हा साबण, पुन्हा थोडा लाल फेस. तिसऱ्यांदा फेस पांढरा आला. पाणी ओतलं, तर दंड पिवळा.

मी काही विचारायच्या आत त्यानं मान वर केली, स्वतःच्या हातानं खालची पापणी ओढली आणि मला दाखवली. आता तिथं धूर नव्हता, हळद नव्हती. पिकलेल्या लिंबाचा रंग होता.

"कितला दिन व्हयनात?" मी विचारलं.

"हयदना आधीपासून."

"अन् डोयामा हयद तूच घाली?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून.

मला वाटलं, तिथंच दोन लगावाव्यात. पण त्याचा दंड माझ्या हातात होता, आणि तो गरम होता. मी म्हटलं, "काबरं सांगं नही रे?"

"सांगं असतं तं डॉक्टरनी गोई बंद करी असती." तो शांतपणे बोलत होता, जसं कुणी दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी. "गोई बंद व्हयनी की तो पल्लाडना परत येई."

"अन् मरी गया असता तं?"

"मरनं बरं, माय. त्यानं आयकानं बरं नही."

जसोदानं तोंडाला पदर लावला. दगूबाई आतून बाहेर आल्याच, त्यांना हाक मारावी लागत नाही. पाहिलं मात्र, आणि सुरू झाल्या. अरे ही तर कावीळ, पलीकडच्या गल्लीतली बाई काविळीची माळ घालते, माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते, गोळीबिळी सोडा, डॉक्टर सोडा. मी म्हटलं, घाला माळ, दोन घाला. तोवर पितांबर गाडी जुंपतो.

दारात नवी सून उंबऱ्याशी बसलेली, देवाला जायचं म्हणून नवीन लुगड्यात. व्याही मुलीला पोहोचवायला आले होते, ते ओट्यावर पान लावत होते. विचारलं, "काय व्हयनं? आत्ता कोठे निंघनात?" मी त्यांना म्हटलं, हिलालला कावीळ आहे, ती एका गोळीने झाली आहे असं वाटतं, गोळी डोक्याची आहे, शहाद्याला नेतो. देवाला उद्या जाऊ. व्याह्यांच्या हातातलं पान हातात राहिलं. माझ्या नव्या सुनेनं मात्र उठून आतून हिलालचं पांघरूण आणलं आणि गाडीत ठेवलं. त्या दिवशी मला कळलं, मुलगी चांगली मिळाली आहे.

शहाद्याला डॉक्टरांनी त्याला टेबलावर आडवं केलं, बरगडीखाली बोटं दाबली, जीभ पाहिली, बाटलीत लघवी घेतली, ती उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. रक्त काढलं. मग म्हणाले, "गोळीनंच आहे. यकृताला झेपली नाही. आजपासून गोळी बंद."

हिलाल उठून बसला. एकदम नाही, आधी टेकून, मग सरळ. सवय लागली होती. "बंद नका करू," तो म्हणाला, अगदी शाळेतल्यासारख्या शुद्ध भाषेत. "अर्धी द्या. मी पिवळा राहतो. मला चालेल."

डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली. "मला चालणार नाही," ते म्हणाले. "आणखी पंधरा दिवस घेतली असतीस तर कदाचित तुला बोलताही आलं नसतं. हे उतरेल. उतरलं की दुसरी गोळी देईन. दुसऱ्या जातीची, तेच काम करणारी. पण मध्ये काही दिवस काहीच नाही."

"काही दिवस म्हणजे किती?"

"डोळे पांढरे होईपर्यंत."

हिलालनं खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि मुठीत धरली. मी हात पुढे केला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी हात तसाच ठेवला. शेवटी त्यानं बाटली दिली, आणि परतताना गाडीत सगळा रस्ता त्या रिकाम्या मुठीकडे पाहत आला.

उसाचा रस, भाताची पेज, ताक, एवढ्यावर ते दिवस काढले. माळही होती गळ्यात, दगूबाईंचं मन मोडायला मला वेळ नव्हता. माळ लांबली ती धाग्यामुळे लांबली असं माझं मत आहे, पण दगूबाई अजून गावभर माळेचंच नाव घेतात. घेऊ देत. सकाळी मी पापणी ओढायची. लिंबू होतं ते हळूहळू ताकासारखं झालं. खाज कमी झाली. आणि जसजसा पिवळेपणा उतरला, तसतसा तो पुन्हा ओट्याकडे जायला लागला.

एके दिवशी सूर्य मावळायच्या आधी मी पाहिलं, तो खांबाला टेकून उभा आहे, मान थोडी कललेली. तशी मान मी ओळखते.

"बोलस का तो?" मी विचारलं.

"हं."

"काय म्हनस?"

"ये म्हनस."

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला काठावर नेलं. भोयांच्या होड्या ओढलेल्या होत्या, पाणी वैशाखातलं, गुडघ्याएवढं. मी कमरेवर हात ठेवला आणि पलीकडे तोंड करून जेवढा आवाज होता तेवढा काढला.

"ए पल्लाडना! मन्हा पोऱ्याले बलावस का? तुले काम नही का धंदा नही? तुन्ही माय नही का घरमां? हिम्मत व्हई तं अल्लाड ये, माले बलाव! मन्हा पोऱ्या कोठे येणार नही!"

पलीकडे पाण्यात दोन माणसं म्हशी धूत होती. दोघं ताठ उभी राहिली. त्यातला एक ओरडला, "आम्हीन काय करं व माय? आम्हीन कोनले बी बलावं नही!"

हिलालच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी. पाहते तर तो हसत होता, पोट धरून, होडीला टेकून. वर्षभरात पहिल्यांदा. मग मीही हसले. ती माणसं म्हशी घेऊन वर निघून गेली, आम्हाला वेडे समजून, आणि त्यांची काही चूक नव्हती.

त्या दिवसांत आम्ही रोज संध्याकाळी काठावर बसायचो. तो पल्लाडचा काय म्हणतो ते हिलाल मला सांगायचा आणि मी उत्तर द्यायची, आता बेतानं, म्हशीवाले पाहून. हाक थांबली नाही. माझ्या उत्तरांनी हाक थांबते असं मी म्हणणार नाही. पण तो पाण्याकडे गेला नाही.

डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासून दुसरी गोळी दिली, कमी मापाची, आणि मला पुन्हा सगळं बजावलं. यावेळी आणखी एक सांगितलं, हातापायांत ताठरपणा किंवा थरथर येते का पाहा, आली तर घाबरू नका, त्यावर उपाय आहे, पण मला कळलं पाहिजे. हिलाल शेजारीच होता. त्यानं मान हलवली. डॉक्टर त्याला म्हणाले, "हिलाल, गोळी बंद करायची की नाही ते मी ठरवीन. सांगायचं काम तुझं." त्यानं पुन्हा मान हलवली. मान हलवायला त्याचं काय जातं?

हाक पुन्हा दूर गेली. पाऊस सुरू झाला, हिलाल पितांबरबरोबर शेतावर जायला लागला, डोक्याला उपरणं बांधून. रोज सकाळी अंगणात येऊन आपणहून पापणी ओढायचा, जीभ काढायचा, ताप नाही, खाज नाही, घसा बरा, असं एका दमात म्हणून दाखवायचा. जसोदा म्हणाली, बघा, सुधारले. मी म्हटलं, बघू.

आज सकाळी नवी सून चहा घेऊन आली. हिलालनं कप डाव्या हातानं घेतला. उजवा हात उपरण्याखाली. मी पाहत राहिले. भाकर वाढली, तर त्यानं ती ताकात कुस्करून न घेता तशीच भिजत ठेवली आणि डाव्या हातानं चमच्यानं खायला लागला. आमच्या घरात चमचा पाहुण्यांसाठी असतो. मी दारातून पितांबरला गाडी जुंपायची खूण केली.

"हिलाल, उजवा हात दखाड."

"काय नही माय. डोया दख ना. डोया पांढरा शेत."

"डोया मी दखात. हात दखाड."

जसोदा चुलीपाशी थांबली. नवी सून किटली धरून उभी. हिलालनं हळूच उपरणं बाजूला केलं आणि हात पुढे धरला. बोटं थरथरत होती, पिंपळाच्या पानासारखी, आणि मनगट वळवायला सांगितलं तर लाकडासारखं एका तुकड्यात वळत होतं. त्यानं खाली पाहिलं.

"डॉक्टरले सांगशी का?" त्यानं विचारलं.

"गाडी जुंपाले सांगी दिधं शे."

"अन् ही बी बंद करी तं?"

मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. थरथर माझ्या हातांतही आली. मी तो तसाच धरून ठेवला आणि सगळ्यांच्या समोर त्याला सांगितलं, मोठ्यानं, म्हणजे चुलीपाशीही ऐकू जावं.

"आयक हिलाल. गोई कमी करानी का बदलानी, ते डॉक्टर दखी, त्याना तो धंदा शे. पल्लाडना परत उना तं तो मन्हा संगे बोली, मन्ही जीभ अजून थकनी नही. पन तू आंगनं खोटं सांगस, त्यावर कोन्हाकडे गोई नही शे. सारं गाव म्हनस हिलाल येडा शे. मी तुले वरीसभर रोज दखस, मी सांगस: तू येडा नही शेस. तू लबाड शेस. येडले डॉक्टर शे, लबाडले मी शे."